सा म्हणजे किती?

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात सीतापुरा, जयपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक यांच्या स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर, सीतापुऱ्यात, आपल्या शाळेविषयी मराठीतून बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांची मनःपूर्वक आभारी आहे. आपल्यापैकी कुणी येथील औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत आहेत, कुणी महाविद्यालयांत शिकवतात, कुणी रत्नांना पैलू पाडून ती देशोदेशी पाठवणाऱ्या व्यवसायात आहेत. दिवसभर हिंदीत आणि इंग्रजीत काम करून घरी मुलांशी आग्रहाने मराठी बोलणारी ही मंडळी शाळेच्या साठ वर्षांची खरी मिळकत आहेत, असे मी मानते.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘मराठी माध्यमाची शाळा आणि संगणकाचे युग’ असा. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर मोठी विधाने करून वेळ मारून नेणे फार सोपे असते. तो मोह टाळून मी एका लहानशा प्रकल्पाविषयी बोलणार आहे. आपल्या आठवीच्या मुलामुलींनी गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला तो केला. प्रकल्प एका वाक्यात सांगता येतो : कळफलकावर स्वरांची नावे लिहायची आणि संगणकाने ते स्वर वाजवून दाखवायचे. प्रोग्रॅमिंग नुकतेच शिकू लागलेल्या मुलांना जगभर असे प्रकल्प दिले जातात. त्यात विशेष काय, असे आपल्याला वाटेल. परंतु या प्रकल्पाच्या आधारे शाळेपुढील एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल, अशी माझी खात्री झाली आहे.

तो प्रश्न आधी सांगते. आपल्या संगीतशिक्षिका येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. काही पालकांनी अशी सूचना केली आहे की, ही जागा पुन्हा भरण्याचा प्रयत्न करू नये आणि आठवड्यातील संगीताचे दोन तास संगणकाला द्यावेत. सूचना करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. आपली मुले मराठी माध्यमात शिकतात म्हणून ती पुढे कुठे कमी पडू नयेत, ही त्यांची काळजी आहे, आणि ही काळजी खोटी नाही. शाळा समितीने याविषयी अद्याप निर्णय घेतलेला नाही. माझे मत काय आहे आणि ते तसे का आहे, हे आपणांस सांगणे मला कर्तव्य वाटते.

आता प्रकल्पाकडे वळू या. संगणकाला ‘सा’ कळत नाही, संख्या कळते. म्हणून स्वराच्या प्रत्येक नावाला एक संख्या द्यावी लागते. नाव आणि संख्या यांच्या जोड्या जिथे लिहून ठेवायच्या, त्या जागेला पायथन या संगणकीय भाषेत ‘डिक्शनरी’, म्हणजे शब्दकोशच म्हणतात. मी भाषेची शिक्षिका असल्यामुळे हे ऐकून मला आपलेपणा वाटला. मुलांनी पहिला शब्दकोश अगदी सरळ केला. स्वर सात, म्हणून संख्या सात, आणि त्याही ओळीने. संगणकावर स्वरांना क्रमांक देण्याचा एक आंतरराष्ट्रीय संकेत १९८३ पासून रूढ आहे. त्यात पेटीवरच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक या पट्टीचा क्रमांक ६० असतो. मुलांनी सा म्हणजे ६०, रे म्हणजे ६१, ग म्हणजे ६२ असे करीत नी म्हणजे ६६ पर्यंत यादी केली आणि शाळेत रोज म्हटली जाणारी प्रार्थना वाजवायला दिली.

जे वाजले ते ऐकून वर्गात हशा पिकला. सारी चाल आक्रसून गेली होती, जणू पाच हात लांबीचे कापड कुणी अडीच हातांत चुरगाळून बसवले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संगणकाने कोणतीही तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. आज्ञा बिनचूक लिहिल्या होत्या आणि त्याने त्या बिनचूक पाळल्या होत्या. चूक दाखवली ती गटातील एका मुलीने. ‘हा रे नाही,’ एवढेच ती म्हणाली. मग रे कोणता, ते तिला संख्येत सांगता येईना. तिने तो गाऊन दाखवला.

संगणकशिक्षकांनी तिथे उत्तर सांगून टाकले नाही, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. त्यांनी गटाला संगीताच्या खोलीत पाठवले. मुले पेटीपुढे बसली आणि पट्ट्या मोजू लागली. सा आणि रे यांच्यामध्ये एक काळी पट्टी आहे. रे आणि ग यांच्यामध्येही आहे. परंतु ग आणि म यांच्यामध्ये ती नाही, आणि नी व वरचा सा यांच्यामध्येही नाही. नावे सात असली तरी घरे बारा आहेत, आणि नावांमधली अंतरे सारखी नाहीत. सा शून्य, रे दोन, ग चार, म पाच, प सात, ध नऊ, नी अकरा आणि तार सा बारा अशी नवी यादी तयार झाली. उरलेल्या पाच घरांत कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी जाऊन बसले. प्रार्थना आता प्रार्थनेसारखी वाजली.

यातून मला दिसले ते असे. नावाला संख्या देणे हे कारकुनी काम वाटते, पण तसे ते नाही. नावाचा अर्थ ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच योग्य संख्या निवडता येते. त्या मुलीला ‘रे’ ठाऊक होता, तो तिने आठवड्यातून दोनदा, सलग तीन वर्षे गायला होता, म्हणून चूक सापडली. संगीताचा तास नसता तर तो प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी ‘पूर्ण’ झाला असता, आणि कायमचा चुकीचा राहिला असता.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. आठवीतील मुलांचे आवाज फुटू लागलेले असतात. पांढरी एक धरून वाजणाऱ्या प्रार्थनेबरोबर काहींना गाता येईना. तेव्हा एका मुलाने विचारले, ‘बाई, सा म्हणजे किती?’ माझ्या आजच्या भाषणाचे शीर्षक त्याचेच आहे. पाश्चात्त्य पद्धतीतील ‘सी’ या अक्षराचा आवाज ठरलेला असतो. आपला सा असा ठरलेला नसतो. गाणारा ज्या उंचीवर सुखाने उभा राहू शकतो, तो त्याचा सा. आपले गायक म्हणूनच ‘माझी काळी चार’, ‘त्यांची पांढरी पाच’ असे सांगतात. म्हणजे साचा क्रमांक यादीत लिहून ठेवायचा नसतो, तो गाणाऱ्याला विचारायचा असतो.

मुलांनी प्रोग्रॅमच्या आरंभी एक प्रश्न घातला : तुमची पट्टी कोणती? उत्तर पांढरी एक आले तर सा ६०, पंचम ६७, तार सा ७२. खालची काळी चार आली तर सा ५६, पंचम ६३, तार सा ६८. यादी तीच, फक्त आरंभीची संख्या प्रत्येक ठिकाणी मिळवायची. गणिताच्या शिक्षकांनी हे पाहून सांगितले की, बीजगणितातील चल आणि स्थिर संख्या यांतील फरक फळ्यावर समजावताना जेवढे कष्ट पडतात, तेवढे येथे पडले नाहीत. सा हा चल, आणि सा ते पंचम हे सात घरांचे अंतर स्थिर. हे ज्ञान मुलांच्या गळ्यात आधीपासून होते, संगणकाच्या निमित्ताने ते वहीत उतरले.

तिसरी अडचण माझ्या विषयातली होती. मुलांनी स्वर देवनागरीत लिहिले होते. सलग लिहिलेल्या ‘सारेगम’चे एकेक अक्षर उचल, असे संगणकाला सांगितले तेव्हा त्याने प्रथम ‘स’ उचलला आणि नंतर नुसता काना. कारण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्या ‘सा’ची संगणकाच्या स्मृतीत दोन चिन्हे असतात : स आणि काना. ‘रे’चीही दोन. ‘ग’, ‘म’, ‘प’, ‘ध’ यांचे मात्र एकेकच. एका पालकांनी लगेच म्हटले, ‘पाहा, म्हणूनच इंग्रजी अक्षरे वापरावीत.’ परंतु इंग्रजीत काळ्या पट्टीचे नाव लिहायचे झाले तर अक्षरापुढे आणखी एक चिन्ह जोडावे लागते, आणि तिथेही हीच अडचण उभी राहते. उपाय दोन्हीकडे एकच : नावांमध्ये जागा सोडायची आणि जागेपाशी तोडायचे. मात्र देवनागरीतून अडचण आल्यामुळे मुलांना एक जास्तीची गोष्ट मिळाली. व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून अक्षर होते, हे व्याकरणाच्या तासाला केवळ परीक्षेपुरते वाटणारे वाक्य त्यांना डोळ्यांपुढे घडताना दिसले.

पुढे कोमल आणि तीव्र स्वर लिहायची वेळ आली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या लेखनपद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात. संगणकावरील देवनागरीत वैदिक मंत्रांच्या उच्चारासाठी अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि स्वरिताची वरची उभी रेघ आहेच. संगणकशिक्षकांनी ती चिन्हे शोधून दिली आणि मुलांनी ती कोमल व तीव्र यांसाठी वापरली. आपल्या लिपीत काही कमी आहे म्हणून काम अडले, असे या प्रकल्पात एकदाही झाले नाही.

मित्रहो, नावाचे संख्येत रूपांतर ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातील देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादच्या किल्ल्यावर, यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे एक विद्वान होते. त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचे प्रमुख होते, आणि त्यांनीच ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. रत्नांच्या व्यवसायात असलेल्या आपल्यापैकी काहींना हे नाव नक्की आवडेल. जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाने संगीताचा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात त्याने स्वरांचाही हिशेब मांडला.

सात स्वर, एकही न वगळता आणि एकही दोनदा न घेता, किती प्रकारे मांडता येतील? उत्तर ५,०४०. शार्ङ्गदेवांनी याच्या पुढचे दोन प्रश्न विचारले आहेत. एखादी मांडणी दिली तर तिचा क्रमांक कितवा, हे शोधण्याला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. क्रमांक दिला तर मांडणी कोणती, हे शोधण्याला ‘नष्ट’ म्हणतात. सगळ्या ५,०४० मांडण्या लिहून न काढता ही उत्तरे मिळावीत म्हणून त्यांनी ‘खंडमेरू’ नावाचे एक कोष्टक दिले आहे. त्याच्या घरांत खडे ठेवायचे आणि त्या घरांतील संख्यांची बेरीज करायची.

तीन स्वरांवर हे सहज समजते. सा, रे, ग यांच्या सहा मांडण्या या क्रमाने येतात : पहिली सा रे ग, दुसरी रे सा ग, तिसरी सा ग रे, चौथी ग सा रे, पाचवी रे ग सा, सहावी ग रे सा. आता ‘ग सा रे’ कितवी, ते न मोजता काढायचे आहे. शेवटचा स्वर पाहा. शेवटी ग असलेल्या दोन मांडण्या आधी येतात, मग रे असलेल्या दोन, मग सा असलेल्या दोन. आपल्या मांडणीच्या शेवटी रे आहे, म्हणून पहिल्या दोन मागे पडल्या. उरलेले दोन स्वर ग सा असे उलट क्रमाने आहेत, म्हणून आणखी एक मागे पडली. मागे पडलेल्या एकूण तीन, म्हणून आपली चौथी. सातही स्वरांसाठी याच पायऱ्या वाढवत नेल्या की, शेवटच्या मांडणीचा हिशेब असा होतो : १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४,३२०. आपण घरी बेरीज करून पाहा, ती बरोबर ५,०४० येते. नववीच्या मुलांनी हाच हिशेब प्रोग्रॅममध्ये लिहिला. यंत्र नवे होते, रीत देवगिरीची होती.

दक्षिणेतील परंपरेत तर नावातच संख्या लपवून ठेवली आहे. सतराव्या शतकात वेंकटमखी यांनी बहात्तर मेळांची रचना सांगितली. पुढे त्या मेळांच्या नावांची पहिली दोन अक्षरे ‘कटपयादी’ या जुन्या संकेताने क्रमांक सांगतील अशी योजना झाली. या संकेतात प्रत्येक व्यंजनाला अंक दिलेला आहे. ‘मेचकल्याणी’ या नावात म म्हणजे पाच आणि च म्हणजे सहा. हे अंक उलटे वाचायचे, म्हणजे पासष्ट. हा पासष्टावा मेळ, आणि तो आपल्या कल्याण थाटाशी जुळतो. ‘धीरशंकराभरण’मध्ये ध म्हणजे नऊ आणि र म्हणजे दोन, म्हणून एकोणतीस. तो आपला बिलावल. नावावरून संख्या काढण्याचा याहून सुंदर शब्दकोश मला माहीत नाही.

आपण ज्या शहरात जमलो आहोत त्या जयपूरचाही या गोष्टीत वाटा आहे. हवामहल बांधणारे महाराज सवाई प्रतापसिंह यांनी १७७८ ते १८०३ या काळात येथे राज्य केले. त्यांच्या आश्रयाने गुणीजनांच्या साहाय्याने ‘संगीतसार’ नावाचा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. तो छापून प्रसिद्ध केला कुणी? १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गायन समाजाने, १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. जयपूरच्या राजाचा ग्रंथ पुण्याच्या मराठी मंडळींनी जगापुढे आणला. आणि जयपूर संस्थानातील उणियारा येथे १८५५ साली जन्मलेले उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी आले, त्यांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या घडवल्या, आणि या शहराचे नाव लागलेले घराणे महाराष्ट्रात बहरले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे.

त्याच काळात भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ लिहिला. पहिला भाग १९१० चा. पेशाने वकील असलेल्या या माणसाने उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचे शास्त्र मांडण्यासाठी कोणती भाषा निवडली? मराठी. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात, साध्या चालत्या मराठी गद्यात त्यांनी ते लिहिले. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्याचे हिंदी अनुवाद काढले, आणि हिंदी मुलखातील विद्यार्थी ते शास्त्र अनुवादातून शिकले. मराठीत शास्त्र सांगता येते का, असे जेव्हा मला कुणी विचारतो, तेव्हा मी या चार भागांकडे बोट दाखवते.

याच भातखंडे यांच्या कामातून आपल्या प्रकल्पाचा शेवटचा धडा मिळाला. सा आणि पंचम अचल; उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपे. म्हणजे दोनाला दोनाने पाचदा गुणत गेले की बत्तीस मेळ होतात. मुलांच्या प्रोग्रॅमने ते बत्तीसच्या बत्तीस क्षणात छापून दिले. परंतु भातखंडे यांनी त्यांतून दहाच थाट घेतले. प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांची व्यवस्था लावायची होती, म्हणून त्यांनी गावोगाव फिरून गवयांना ऐकले, बंदिशी मिळवल्या, १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला. बत्तीस ही संख्या गणिताने मिळते. त्यांतले दहा कोणते, हे ऐकल्याशिवाय ठरत नाही.

ही गोष्ट मुलांना पटावी म्हणून आमच्या संगीतशिक्षिकांनी एक साधी परीक्षा घेतली. त्यांनी भूप आणि देशकार हे दोन राग प्रोग्रॅममध्ये घालायला सांगितले. दोन्हींत स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. संख्याही त्याच : शून्य, दोन, चार, सात, नऊ. संगणकाला हे दोन राग एकच वाटले. मग बाईंनी दोन्ही गाऊन दाखवले. भूपात गंधारावर विसावा आहे, त्याचा स्वभाव शांत आहे. देशकारात धैवताला महत्त्व आहे, तो सप्तकाच्या वरच्या अंगात खेळतो. संख्यांची यादी एकच असताना वर्गातील प्रत्येक मुलाला हे दोन वेगळे आहेत हे ऐकू आले. मग मुलांनीच विचार सुरू केला की, कोणत्या स्वरावर किती वेळ थांबायचे, कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर जायचे, हे संख्येत कसे सांगता येईल. माझ्या मते प्रोग्रॅमिंगचे खरे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू झाले.

बारा घरांचीही एक मर्यादा आहे. आपल्या शास्त्राने सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत, चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटणीने. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. बारा समान घरे पाडणाऱ्या वाद्याचा गंधार सुमारे ३०२.४ चा येतो. फरक थोडा आहे, पण तयार कानाला तो टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि श्रुतींची पेटी घडवण्याच्या प्रयत्नात त्यांचा मोठा वाटा होता. पेटीचे ठरीव सूर आपल्या गायनाला साजत नाहीत, या मतामुळे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटी वर्ज्य केली होती. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. परंतु नावाला कोणती संख्या द्यावी यावर आपल्याकडे एवढ्या गांभीर्याने विचार झाला, हे मुलांना कळले पाहिजे. सरावलेल्या कानालाच तो प्रश्न पडतो.

म्हणून पालकांच्या सूचनेला माझे उत्तर असे आहे. संगणकाचे शिक्षण वाढले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र संगीताचा तास काढून तो वाढवला तर आपण मुलांना उत्तरे तपासण्याचे साधनच काढून घेऊ. आज्ञा लिहिण्याचे कितीतरी काम यंत्रे स्वतःच करू लागली आहेत. येणाऱ्या काळात माणसाकडे राहील ते ‘हा रे नाही’ असे सांगण्याचे काम. ते सांगायला रे ठाऊक असावा लागतो, आणि मूल तो आपल्या भाषेत, आपल्या गळ्याने, आपल्या सवंगड्यांबरोबर शिकलेले असले तर अधिक ठामपणे सांगते. मराठी माध्यमाविषयी माझा आग्रह आहे तो याच कारणासाठी. इंग्रजी आपल्या मुलांना उत्तम आली पाहिजे, ती आम्ही मन लावून शिकवतोही. पण ज्या भाषेत मुलाला नावांचे अर्थ माहीत आहेत, त्या भाषेत त्याला विचार करू द्यावा.

केवळ मत मांडून थांबणे मुख्याध्यापिकेला शोभत नाही, म्हणून काय करायचे तेही सांगते. शाळा समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. पहिली, संगीताचे दोन्ही तास कायम राहावेत आणि बाई निवृत्त झाल्यावर नियमित नेमणूक होईपर्यंत मानधनावर संगीतशिक्षक नेमावा. दुसरी, आठवी आणि नववीला आठवड्यातून एक तास संगीत आणि संगणक यांचा एकत्र असावा, दोन्ही शिक्षकांनी तो मिळून घ्यावा. तो तास कार्यानुभवाच्या वेळेतून निघू शकतो, कोणत्याही विषयाचा तास कापावा लागत नाही. तिसरी, शाळेतील दोन तंबोरे कित्येक वर्षे मुके पडून आहेत. ते मिरजेला पाठवून त्यांची जवारी काढून आणावी.

यांतील पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला पैसा लागेल. हीरकमहोत्सवी निधीतून नवे संगणक घ्यावेत असा आपल्यापैकी अनेकांचा मानस आहे, आणि त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे. माझी विनंती एवढीच आहे की, त्या निधीतला एक भाग दोन वर्षांच्या मानधनासाठी राखून ठेवावा. पाच संगणक घ्यायचे ठरले असेल तर चार घ्यावेत. चार संगणकांपुढे बसणाऱ्या मुलांच्या कानांत सूर असावा, एवढ्यासाठी पाचवा थोडा उशिरा आला तरी चालेल.

शिवाय आपल्याकडून पैशाखेरीज आणखी एक मदत हवी आहे. आपल्यातील जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास दूरस्थ पद्धतीने या मुलांशी बोलावे, मराठीतून बोलावे, आणि त्यांचे प्रोग्रॅम तपासून द्यावेत. शब्द अडला तर इंग्रजी शब्द खुशाल वापरावा. डिक्शनरी हा शब्द मुलांनी वापरलाच आहे आणि त्याने मराठीचे काही बिघडलेले नाही. बाहेरच्या पटावर नावनोंदणीची वही ठेवली आहे. जाताना त्यात आपले नाव, आपला विषय आणि आपल्याला सोयीचा वार लिहून जावे, ही विनंती.

शाळा समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. आपली वही मी त्या बैठकीत घेऊन जाणार आहे.